मुखदर्शनही दर्शनच असतं

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा मला म्हणाला, "मावशी, तू टूरबरोबर गेलीस ना, मग तू बँकॉक पाहिलंसच नाही. बसमधून एका दिवसात काय शहर कळतं?" तो पुण्यात नोकरी करतो, पाठीवर सॅक टाकून एकटा कुठेकुठे जाऊन येतो, आणि त्याच्या या फिरण्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण हे मत त्याच्या एकट्याचं नाही. प्रवासावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांत ते आता रूढ झालं आहे. टूरवाले म्हणजे झेंडीमागून चालणारी मेंढरं. ती उतरतात, फोटो काढतात, पुन्हा बसमध्ये चढतात. परदेशात जाऊनही वरणभात मागतात. खरा प्रवासी एकटा जातो, गल्लीबोळात हरवतो आणि मग त्याला शहर सापडतं.

हे मत मला मान्य नाही. ते चुकीचं आहे आणि अन्यायाचंही आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही माढा तालुक्यातली एकतीस माणसं थायलंडला गेलो होतो. ऊस आणि डाळिंब करणारी चार शेतकरी कुटुंबं, कुर्डुवाडीचे एक किराणा दुकानदार आणि त्यांची पत्नी, माझ्यासारख्या दोन निवृत्त शिक्षिका, आणि एकाहत्तर वर्षांच्या एक माळकरी आजी. आजींनी त्याआधी विमान फक्त आकाशात पाहिलं होतं. आमचा तालुका तसा अवर्षणाचा. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, मागाहून ऊस आणि साखर कारखाने आले, तेव्हा कुठे इथल्या काही घरांत चार पैसे शिल्लक राहू लागले. तोवर आमच्याकडे परदेश पाहिलेला माणूस म्हणजे बहुधा खत-बियाण्यांचा विक्रेता. टार्गेट पूर्ण केलं की कंपनी त्याला बँकॉकला नेई. तो परत आला की पारावरची माणसं डोळे मिचकावून हसत. बायकांनी या शहराचं नावसुद्धा काढायचं नाही, असा तो काळ. त्याच शहरात आता सासू-सून एकत्र जातात आणि उजळ माथ्याने त्याच्या गोष्टी सांगतात. हे झालं ते टूरमुळे. एकट्याने हरवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ही गोष्ट कधी मोजलीच नाही.

आता त्या एका दिवसाविषयी बोलते, कारण खरी टीका त्यावरच आहे.

पंढरपूर आमच्यापासून जवळ, म्हणून उदाहरणही तिथलंच देते. आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत माणूस पंधरा-वीस तास उभा राहतो, पत्राशेडमध्ये रात्र काढतो आणि पायांवर डोकं टेकायला त्याला दोन क्षण मिळतात. ज्याला तेवढा वेळ नाही, तो मुखदर्शन घेतो. गर्दीमुळे तेही जमलं नाही, तर नामदेव पायरीला हात लावून आणि कळसाकडे पाहून गावाकडे परततो. अशा वारकऱ्याला "तुला विठोबा भेटलाच नाही" असं म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. आपल्याकडे पाहण्याची किंमत घड्याळावर ठरत नाही. माणूस काय मनात धरून उभा होता आणि त्याला कुणी काय सांगितलं, यावर ती ठरते. मग बँकॉकचा एक दिवस आला की हाच समाज घड्याळ काढून का बसतो?

आम्ही सकाळी पहिल्यांदा वाट त्रायमित या देवळात गेलो. वाट म्हणजे विहार, देऊळ. तिथे सोन्याची बुद्धमूर्ती आहे, सुमारे तीन मीटर उंच आणि साडेपाच टन वजनाची. नुसती पाहिली तर डोळे दिपतात आणि पाच मिनिटांत माणूस बाहेर पडतो. पण आमच्या थाई वाटाड्या बाईंनी आम्हाला बाहेरच्या सावलीत बसवलं आणि तिची गोष्ट सांगितली. ही मूर्ती कित्येक पिढ्या चुन्याच्या लेपाखाली होती. ब्रह्मदेशाच्या सैन्याने 1767 मध्ये अयुथया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. त्या धामधुमीत शत्रूच्या हाती लागू नये म्हणून मूर्तीला लेप दिला गेला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. लेप देणारे गेले आणि आत काय आहे हे सगळेच विसरले. 1955 मध्ये मूर्ती नव्या जागी हलवताना दोर तुटला, मूर्ती आपटली, लेपाला तडा गेला आणि आतून सोनं चमकलं.

बाई इंग्रजीत सांगत होत्या. आमच्याबरोबर मुंबईहून आलेला टूर मॅनेजर मुलगा ते वाक्यावाक्याने मराठीत सांगत होता. तो थांबला तशी माळकरी आजी म्हणाल्या, "म्हंजी आपल्या इठोबासारखंच झालं की गं!"

आजींना हे का सुचलं, ते माढ्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. अफझलखान 1659 मध्ये स्वारीवर आला, तेव्हा पंढरपूरची विठ्ठलमूर्ती माढ्याला आणून लपवली होती, अशी परंपरा आहे. माढ्यात विठ्ठलाचं देऊळ आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 1984 साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ लिहिला. मूर्तीच्या छातीवरच्या अक्षरांचा आणि जुन्या माहात्म्यग्रंथातल्या वर्णनाचा मेळ घालून त्यांनी असं मत मांडलं, की माढ्याची मूर्ती हीच मूळची. त्यावरून मोठा वाद झाला. तो वाद सोडवायला मी बसलेली नाही. मला माझं सांगायचं आहे. मी याच गावात वाढले. लहानपणी शाळेत जाता-येता त्या देवळाच्या दारातून हात जोडले असतील हजारदा. पण त्या मूर्तीकडे थांबून, निरखून पाहायचं असतं, हे मला ढेऱ्यांच्या ग्रंथाची चर्चा गावात पोचल्यावर कळलं. तोवर ती डोळ्यांसमोर असूनही मला दिसलेली नव्हती. मी तिथलीच होते, भाषा माझीच होती, वेळ तर आयुष्यभराचा होता. कमी होता तो सांगणारा.

म्हणून "स्थानिकांसारखं राहा म्हणजे शहर कळेल" हा उपदेश मला पटत नाही. स्थानिक असून मला माझं गाव कळलं नव्हतं.

आजींचं बोलणं टूर मॅनेजरने बाईंना उलट इंग्रजीत सांगितलं. बाईंनी विठ्ठलाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दोनतीन प्रश्न विचारले. देव परत गेला का? मग तुमच्या गावात कोणती मूर्ती राहिली? आजींना उत्तर देताना एवढा आनंद झाला, की बस निघायची वेळ झाली तरी त्या हलेनात. एका दिवसाच्या टूरमध्ये दोन देशांतल्या दोन बायका लपवलेल्या देवांविषयी बोलल्या. ज्याला हे वरवरचं वाटतं, त्याने खोल म्हणजे काय ते मला सांगावं.

फोनवर सगळी माहिती मिळते, मग वाटाड्या कशाला, असाही एक आक्षेप आहे. माहिती मिळते, हे खरं. पण बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातल्या चित्रांपुढे उभं राहा आणि मग बोला. चक्री घराण्याचा पहिला राजा, पहिला राम, याने 1782 मध्ये राजधानी इथे आणली आणि हा वाडा बांधायला घेतला. आतल्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामायणाची 178 चित्रं आहेत. त्यांच्या रामायणाला ते रामकियेन म्हणतात. हिरव्या तोंडाचा राजा दिसतो, तो आपला रावण. त्यांच्याकडे त्याचं नाव तोसकन्थ, म्हणजे दशकंठ. पांढरा शुभ्र वानर दिसतो, तो हनुमान. आणि हा हनुमान ब्रह्मचारी नाही! सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या मुलगी आडवी येते आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो.

आमच्या घोळक्यात यावर शांतता पसरली. गावोगाव वेशीवर मारुती असलेली माणसं आम्ही. शनिवारी तेल वाहणारी. एका शेतकऱ्याने तर हे आपल्या देवाची टिंगल तर नाही ना, असं सरळ विचारलं. बाई रागावल्या नाहीत, की त्यांनी घाईने विषय बदलला नाही. थाई माणसाला हनुमान किती लाडका आहे, मुखवट्यांच्या नाचात त्याला केवढा मान आहे, हे त्यांनी सांगितलं. गोष्ट समुद्रापार गेली तेव्हा इथल्या माणसांनी तिला इथलं घर दिलं, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी आजींनीच निकाल दिला, "त्येंचा मारुती त्येंच्यापाशी, आपला आपल्यापाशी." फोनने हे चित्र कशाचं ते सांगितलं असतं. त्या शेतकऱ्याच्या मनातली कळ फोनला दिसली नसती.

राजवाड्यातल्या त्या देवळातली पाचूची बुद्धमूर्ती फक्त 66 सेंटिमीटर उंच आहे आणि दगड खरा पाचूही नाही, हिरव्या रंगाचा दुसराच दगड आहे. लांबून ती बाहुलीएवढी दिसते. पण वर्षातून तीनदा, ऋतू पालटला की, राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो, हे ऐकल्यावर आमच्यातल्या बायका पुन्हा वळून पाहू लागल्या. पांडुरंगाला उन्हाळ्यात चंदनउटी लावतात, हे त्यांच्या घरचंच. भिक्खूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेनंतर सुरू होतो, हे कळल्यावर आपला चातुर्मास आषाढीला सुरू होतो हे सांगायला तिघीजणी एकदम बोलल्या. शहराच्या औपचारिक नावात महानगर, रत्न, महेंद्र, अयोध्या, राजधानी हे शब्द ओळीने येतात. बाईंनी ते लांबलचक नाव एका दमात म्हटलं, तेव्हा आम्हाला त्यातले निम्मे शब्द कळले. किराणा दुकानदार म्हणाले, "हे तर आपल्या संकल्पासारखं वाटतंय." त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. थायलंडच्या राजदरबारात आजही ब्राह्मण पुरोहित विधी करतात.

या माणसांना मेंढरं म्हणतात. मेंढराला ओळख पटत नाही. यांना पदोपदी पटत होती.

झेंडीमागून चालण्याचंही तेच. दिंडीत विणेकऱ्याच्या मागे चालतात, चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसं गप्प होतात, जेवणाची भिशी आधी भरलेली असते, तळ कुठे पडणार हे ठरलेलं असतं. म्हणून आजवर घराबाहेर न पडलेली बाई अडीचशे किलोमीटर चालून जाऊ शकते. शिस्त आणि सोबत ही आपल्याकडे दुबळ्याच्या प्रवासाची सोय आहे, आणि ती कित्येक शतकांची आहे. पुढे आगगाडी आली तेव्हाही तेच. कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने, 1906 पासून, घोळक्याघोळक्याने माणसं पंढरपूरला जात. केसरी टूर्स 1984 मध्ये निघाली, वीणा वर्ल्ड 2013 मध्ये. मराठी माणूस या कंपन्यांकडे लोटला, त्याचं एक कारण मला हेच वाटतं, की हाक मारल्यावर मराठीत ओ देणारं कुणीतरी सोबत असतं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला जग पाहायचा अधिकार आहे की नाही? असेल, तर त्याला दुभाषा लागणार. दुभाषा घेतल्याबद्दल त्याला हिणवायचं, हाच मी म्हणते तो अन्याय.

वरणभाताच्या टीकेला फार वेळ देणार नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेली बाई मासळीच्या रसातलं जेवण जेवणार नाही, आणि थाई स्वयंपाकात मासळीचा रस भाजीतही असतो. बाईंनीच आजींना पिवळ्या पताकेवरची लाल खूण दाखवली. तिथे 'जे' नावाचं जेवण मिळतं, मांस-मासळी नसलेलं, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. आजी तिथे पोटभर जेवल्या. थाई जेवणच जेवल्या.

आता टीकाकारांचं जे खरं आहे ते मान्य करते, कारण त्यात माझीही तक्रार आहे. त्या दिवशी चित्रांपुढे आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली आणि रत्नांच्या दुकानात सव्वा तास. सूर्याचा सारथी अरुण, त्याच्या नावाचं नदीकाठचं देऊळ आम्ही पलीकडच्या तीरावरून पाहिलं, कारण वेळ संपला होता. त्या सव्वा तासाचा मला आजही राग आहे. आमच्यातल्या एका जोडप्याने भिडेपोटी अंगठी घेतली. हे का होतं, तेही कळायला हवं. टूरची किंमत खर्चाच्याही खाली आणली, की तूट दुकानांच्या कमिशनमधून भरून काढतात. चिनी पर्यटकांच्या अशा जवळजवळ फुकट टूरवर थायलंड सरकारने 2016 मध्ये मोठी कारवाई केली होती. आपल्याकडच्याही अनेक स्वस्त टूरमध्ये राजवाडा बाहेरूनच दाखवतात, कारण परदेशी माणसाला आत जायला 500 बाथ पडतात.

पण यातून निघतं काय? वाईट कीर्तनकार भेटला म्हणून कुणी कीर्तन बंद करा म्हणत नाही. दुकानं कमी करा, वाटाड्याचा वेळ वाढवा, प्रवेशाचे पैसे उघड सांगा, ही मागणी योग्य आहे आणि ती जोरात करायला हवी. टीकाकारांनी आपली लेखणी इथे चालवली असती तर आम्हा गिऱ्हाइकांचं भलं झालं असतं. त्यांनी वाटाड्यालाच निकालात काढलं. थायलंडमध्ये हे काम कायद्याने फक्त थाई नागरिकालाच करता येतं आणि त्यासाठी परवाना लागतो. बाईंच्या गळ्यात तो होता. एवढ्या अभ्यासाचं माणूस दिवसभर आमच्यासोबत होतं, आणि म्हणे त्यामुळे शहर आमच्यापासून दूर राहिलं!

एकट्याने फिरणाऱ्यालाही त्या शहरात वाटाडे भेटतातच. राजवाड्याच्या बाहेर कुणी गोड बोलणारा माणूस सांगतो, "आज वाडा बंद आहे, चला दुसरी देवळं दाखवतो," आणि टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या दुकानात नेतो. ही तिथली जुनी, सर्वांना ठाऊक असलेली फसवणूक आहे. त्या वाटाड्याच्या गळ्यात परवाना नसतो.

माझ्या भाच्याने एकट्याने जावं. त्याच्याकडे तरुण पाय आहेत, इंग्रजी आहे, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची मुभा आहे. आजींकडे एकच दिवस होता. तो त्यांनी कसा वापरला, ते मी पाहिलं आहे. परत आल्यावर महिनाभर त्या देवळात बायकांना लेपाखालच्या बुद्धाची गोष्ट सांगत होत्या, आणि त्या गोष्टीच्या शेवटी दर वेळी आपल्या विठोबाच्या मूर्तीकडे बोट करत होत्या.

टूरला निघणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून मागाव्यात. दुकानांत किती वेळ जाणार, वाटाड्या किती तास सोबत असणार, आणि कुठे आत नेणार, कुठे बाहेरून दाखवणार. लिहून देत नसतील, तर दुसरीकडे जावं.

आणि भाच्याला, त्याच्यासारखं मत असलेल्या सगळ्यांनाही, माझं बोलावणं आहे. पंढरपूरला जाताना या वेळी वाट वाकडी करून माढ्याला या. विठ्ठलाचं देऊळ आहे, माढेश्वरीचं देऊळ आहे, जुना किल्ला आहे. परवाना नसला तरी दाखवायला मी येईन. अर्धा दिवस पुरतो.